ग्लायकोलिसिस आणि क्रेब्स सायकलमधली सगळी नावं सारखीच वाटतात, कुणी नीट समजावून सांगेल का?

फार्मसीवाली_पोर

नमस्कार मंडळी. मी बी फार्म पहिल्या वर्षाला आहे, दुसरं सेमिस्टर, बायोकेमिस्ट्री चालू आहे, त्यात ग्लायकोलिसिस आणि क्रेब्स सायकल, म्हणजे पेशीत ग्लुकोज टप्प्याटप्प्याने तोडून एनर्जी काढायचे रस्ते. दहावीपर्यंत मराठी मीडियम, पुढे सगळं इंग्लिशमधून, आता इंग्लिशची भीती अशी राहिली नाही पण ही संयुगांची नावं काही केल्या डोक्यात बसत नाहीयेत.

म्हणजे बघा, फ्रुक्टोज-६-फॉस्फेट, मग फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट, आणि परवा मॅडम म्हणाल्या की फ्रुक्टोज-२,६-बिसफॉस्फेट म्हणून अजून एक आहे आणि ते वेगळं आहे. बरं एका पुस्तकात बिस लिहिलंय, लायब्ररीतल्या जुन्या पुस्तकात डाय. माझ्या नोट्समध्ये जी३पी आहे, सीनियरच्या नोट्समध्ये त्याच जागी जीएपी, अकरावीच्या पुस्तकात पीजीएएल होतं. आणि लिपिडच्या चॅप्टरमध्ये परत जी३पी येतं पण तिथे ते ग्लिसरॉल-३-फॉस्फेट असतं! मग १,३-बिसफॉस्फोग्लिसरेट, ३-फॉस्फोग्लिसरेट, २-फॉस्फोग्लिसरेट, २,३-बिसफॉस्फोग्लिसरेट.

क्रेब्समध्ये मॅलेट आहे, मॅलोनेट इनहिबिटर आहे, फार्माकॉलॉजीच्या पुस्तकात मॅलिएट दिसलं, कोलेस्टेरॉलमध्ये मेव्हॅलोनेट. कायनेज, फॉस्फेटेज, फॉस्फोरिलेज हे तिन्ही फॉस्फेटचंच काहीतरी करतात एवढंच कळतं.

पाठ करून ओळीने सगळं लिहिता येतं मला, पण मधलीच एक स्टेप विचारली की पाढ्यासारखं पहिल्यापासून म्हणत यावं लागतं. हे समजून घ्यायची काही पद्धत आहे का की सगळे असंच करतात?

---

खडू_आणि_फळा

सगळे असंच करतात, म्हणूनच सगळ्यांना परीक्षेनंतर आठ दिवसांनी काही आठवत नाही.

एक कोरा कागद घे. उभी रेघ मारून सहा कार्बन एकाखाली एक लिही, वरून १ ते ६ नंबर टाक. पहिल्या कार्बनवर अल्डिहाइड, बाकीच्यांवर ओएच. झालं ग्लुकोज. (खरं तर पेशीत ते बहुतेक वेळा रिंगमध्ये असतं पण आत्ता ते सोड.) आता हेक्सोकायनेज नावाचं एन्झाइम एटीपीकडून (पेशीचं एनर्जीचं चलन, एक फॉस्फेट दिला की त्याचं एडीपी होतं) एक फॉस्फेट घेऊन सहाव्या कार्बनवर ठेवतं, म्हणून ग्लुकोज-६-फॉस्फेट. नावातला आकडा फक्त फॉस्फेट कुठल्या कार्बनवर बसलाय ते सांगतो, त्यात दुसरं काही गूढ नाही.

पुढची स्टेप आयसोमरेज. वरचा सी डबल बॉंड ओ (यालाच कार्बोनिल म्हणतात) पहिल्या कार्बनवरून दुसऱ्यावर सरकतो, ग्लुकोजचं फ्रुक्टोज होतं. फॉस्फेटला कुणी हातही लावला नाही, ते सहावरच आहे, म्हणून फ्रुक्टोज-६-फॉस्फेट. आता हे सरकवायचं कशासाठी? कारण पुढे अल्डोलेज रेणू तोडणार आहे आणि ते तोडणं कार्बोनिल कुठे आहे यावर ठरतं. कार्बोनिल दुसऱ्या कार्बनवर असेल तर तिसऱ्या-चौथ्याच्या मधे तुटतं, तीन अधिक तीन. पहिल्यावरच राहिला असता तर दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे तुटून दोन आणि चार असे तुकडे पडले असते आणि दोन्हींसाठी पुढे वेगवेगळे रस्ते लागले असते. शिवाय पहिला कार्बन आता साधा सीएच२ओएच झाला, त्याच्यावरही फॉस्फेट ठेवता येतो. ते काम फॉस्फोफ्रुक्टोकायनेज करतं, आणि झालं फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट. दोन्ही टोकांना एकेक फॉस्फेट, म्हणजे मधून तोडलं की दोन्ही तुकड्यांच्या वाट्याला एकेक येतो.

आता इथे बघ, इथेच सगळे गडबडतात. अल्डोलेजने तोडलं. वरचा तुकडा म्हणजे जुने १, २, ३. कीटोन दोनवर होताच, तो तसाच राहिला, हा डायहायड्रॉक्सीॲसिटोन फॉस्फेट. खालचा तुकडा म्हणजे जुने ४, ५, ६. चौथा कार्बन आता अल्डिहाइड झाला, आणि मोजणी नेहमी अल्डिहाइडच्या टोकाकडून करायची, म्हणून जुना ४ झाला नवा १, जुना ५ झाला २ आणि जुना ६ झाला ३. फॉस्फेट जुन्या सहावर होता म्हणजे नव्या तीनवर. म्हणून ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेट! सहाचा तीन कसा झाला हे एकदा हाताने नंबर घालून बघ, परत विचारावं लागणार नाही.

बिस आणि डायचं सांगतो. दोन फॉस्फेट रेणूच्या दोन वेगळ्या जागी असतील तर बिस. एकाला एक चिकटून साखळीत असतील तर डाय, जसं एडीपी, ॲडिनोसिन डायफॉस्फेट. जुनी पुस्तकं सरसकट डाय लिहायची, फ्रुक्टोज-१,६-डायफॉस्फेट म्हणजे तेच ते. पेपरात बिस लिही.

आणि तो जी३पी. ही शॉर्टफॉर्म ज्याने रूढ केली त्याला काय म्हणावं. तीन वेगळ्या वस्तू आहेत आणि तिन्ही एकाच शिडीच्या पायऱ्या आहेत. सगळ्यात खाली अल्कोहोल म्हणजे ग्लिसरॉल, ऑक्सिडेशन केलं की अल्डिहाइड म्हणजे ग्लिसराल्डिहाइड, अजून ऑक्सिडेशन केलं की आम्ल म्हणजे ग्लिसरिक ॲसिड. तिन्हींच्या तिसऱ्या कार्बनवर फॉस्फेट ठेवला की तुझी तीन नावं तयार. ग्लिसरॉल-३-फॉस्फेट फॅटच्या चॅप्टरमध्ये, ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेट इथे (जीएपी आणि पीजीएएल हेच), आणि ३-फॉस्फोग्लिसरेट अजून दोन स्टेप पुढे. शेवट बघायचा, ऑल, अल्डिहाइड, एट. तू तुझ्या वहीत जी३पी लिहिणंच बंद कर आणि पूर्ण नाव लिही, चार महिने हात दुखेल पण डोकं नाही दुखणार.

पुढचं मग सोपंय. अल्डिहाइडचं आम्ल होताना जी एनर्जी सुटते ती वाया घालवायची नाही म्हणून त्याच फटक्यात पहिल्या कार्बनवर एक फॉस्फेट बसवलं जातं, तेही एटीपी खर्च न करता, पेशीतलं मोकळं फॉस्फेट उचलून. एकवर नवा, तीनवर जुना, १,३-बिसफॉस्फोग्लिसरेट. मग एकवरचा एडीपीला दिला, एटीपी मिळाला, मागे उरला तीनवरचा, ३-फॉस्फोग्लिसरेट. म्युटेजने तो तीनवरून दोनवर नेला, २-फॉस्फोग्लिसरेट. एनोलेजने पाणी काढलं, फॉस्फोएनॉलपायरुव्हेट. शेवटचा फॉस्फेटही एडीपीला देऊन टाकला, पायरुव्हेट. बस.

राहिले दोन. २,३-बिसफॉस्फोग्लिसरेट लाल रक्तपेशीत बाजूच्या फाट्यावर बनतं आणि हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सैल करतं. फ्रुक्टोज-२,६-बिसफॉस्फेट तर ग्लायकोलिसिसच्या रस्त्यावरचं संयुगच नाही. ते फॉस्फोफ्रुक्टोकायनेजला जोरात चाल म्हणून सांगणारा सिग्नल आहे, ते सापडलंच मुळी १९८० मध्ये, म्हणून त्याआधीच्या पुस्तकात शोधू नकोस.

क्रेब्सचं कुणीतरी घ्या, माझं जेवण निवतंय.

---

रट्टा_झिंदाबाद

सरांचा मान ठेवून सांगतो, हे सगळं छान आहे पण पेपर किती मार्कांचा आणि त्यात हे किती? एवढे कार्बन काढत बसलीस तर बाकीचे युनिट कधी करणार. क्रेब्ससाठी मी एक वाक्य बनवलं होतं तेच आजपर्यंत पुरलंय:

सासूने आज किती साड्या सुनेकडे फुकट मागितल्या ओ!

सिट्रेट, आयसोसिट्रेट, कीटोग्लुटारेट, सक्सिनिल-कोए, सक्सिनेट, फ्युमरेट, मॅलेट, ऑक्झॅलोॲसिटेट. साड्या आधी सून नंतर, म्हणजे सक्सिनिल-कोए आधी आणि सक्सिनेट नंतर. झालं काम. वाक्य लक्षात ठेव आणि झोप.

---

फार्मसीवाली_पोर

😂😂 सासू लक्षात राहिली ओ, थँक्यू दादा.

@खडू_आणि_फळा सर, सहाचा तीन होतो ते आत्ता काढून बघितलं. आमच्या नोट्समध्ये नुसते बाण आहेत, स्ट्रक्चर नाहीच कुठे. पण मॅलेट-मॅलोनेटचं अजून राहिलंच.

---

औषधांचं_दुकान

मॅलेट-मॅलिएटचं मी सांगतो कारण आमचा रोजचा संबंध. बी फार्म करून आता दहा-बारा वर्षं काउंटरवर आहे. पुढच्या वेळी मेडिकलमध्ये गेलीस की स्ट्रिपची मागची बाजू वाच. ॲलर्जीच्या गोळीवर फेनिरामिन मॅलिएट किंवा क्लोरफेनिरामिन मॅलिएट, आयर्नच्या गोळीवर फेरस फ्युमरेट, बीपीच्या गोळीवर मेटोप्रोलॉल सक्सिनेट, एनालाप्रिल मॅलिएट. तुझी अर्धी क्रेब्स सायकल आमच्या कपाटात आहे. ही सगळी आम्लं तिथे फक्त मीठ बनवायला वापरलेली असतात, औषध नीट विरघळावं, टिकावं म्हणून, त्यांचं प्रमाणही अगदी किरकोळ. त्यामुळे सक्सिनेटवाली गोळी घेतली म्हणून क्रेब्स सायकल जोरात फिरणार वगैरे मनात आणू नकोस, एका एमआरने (औषध कंपनीचा प्रतिनिधी) मला हे खरंच ऐकवलं होतं.

आता यांच्यातला फरक. चार कार्बन, दोन्ही टोकांना आम्लाचा ग्रुप, म्हणजे खेळ फक्त मधल्या दोन कार्बनवर.

मधले दोन्ही साधे सीएच२ आणि सीएच२: सक्सिनेट.
त्यांच्यात डबल बॉंड आला आणि दोन टोकं विरुद्ध बाजूंना: फ्युमरेट.
डबल बॉंड तोच पण दोन्ही टोकं एकाच बाजूला: मॅलिएट. हे क्रेब्समध्ये नाही! फ्युमरेज नावाचं एन्झाइम फ्युमरेटच घेतं, मॅलिएटला विचारत नाही.
डबल बॉंडवर पाणी घातलं, एका कार्बनवर ओएच आला: मॅलेट.
त्या ओएचचं कीटोन झालं: ऑक्झॅलोॲसिटेट.

मॅलिक ॲसिड सफरचंदातलं, लॅटिनमध्ये सफरचंदाला मालुम म्हणतात म्हणून ते नाव. ते तापवून पाणी काढलं की मॅलिइक ॲसिड मिळालं, म्हणून त्याला त्याच्याच नावाजवळचं नाव दिलं आणि आपल्याला कामाला लावलं.

मॅलोनेटला तीनच कार्बन. दोन टोकांना आम्ल आणि मधे एकच सीएच२, म्हणजे सक्सिनेटचा एक कार्बन कमी. म्हणूनच ते सक्सिनेट डिहायड्रोजनेजच्या खाचेत जाऊन बसतं, दोन्ही टोकं बरोबर जुळतात, पण डबल बॉंड करायला मधे दोन कार्बन लागतात आणि याच्याकडे आहे एक. त्यामुळे रिॲक्शन होत नाही, नुसतं जागा अडवून बसतं. सक्सिनेट भरपूर घातलं की ते हटतं, कॉम्पिटिटिव्ह इनहिबिशनचं सगळ्यात पाठ झालेलं उदाहरण. क्रेब्सने स्वतः १९३७ मध्ये कबुतराच्या छातीच्या स्नायूवर प्रयोग केले त्यात हेच मॅलोनेट वापरलंय. मॅलोनेट घातलं की सक्सिनेट साठत जातं, मग ते ऑक्झॅलोॲसिटेटच्या बाजूने सुरुवात केली तरी साठतं, म्हणजे रस्ता गोल फिरून येतोय. तो पेपर आधी नेचरकडे पाठवला होता तर त्यांनी परत पाठवला, आणि त्याच कामाला १९५३ मध्ये नोबेल.

मेव्हॅलोनेट यांच्या गोतावळ्यातलं नाहीच. सहा कार्बनचं, कोलेस्टेरॉलच्या रस्त्यावरचं. ॲटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन ज्या एन्झाइमला अडवतात ते एचएमजी-कोए रिडक्टेज याच मेव्हॅलोनेटला बनवतं. फक्त नाव कानाला जवळचं लागतं.

---

लॅबवाला_नगर

मी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियन, आमच्याकडे पुस्तकापेक्षा ट्यूबा जास्त. दोनच गोष्टी टाकतो, बाकी वरच्यांनी सांगितलंय.

शुगरसाठी रक्त घेतो ती राखाडी टोपीची ट्यूब, त्यात सोडियम फ्लोराइड असतं. का? रक्त शरीराबाहेर आलं तरी लाल पेशी जिवंत असतात आणि त्यांचं ग्लायकोलिसिस चालूच राहतं, साध्या ट्यूबमध्ये ठेवलं तर रूम टेंपरेचरला तासाला साधारण ५ ते ७ टक्के ग्लुकोज त्याच खाऊन टाकतात. फ्लोराइड एनोलेजला बंद पाडतं, सरांनी वर सांगितलेलं पाणी काढणारं. आता गंमत अशी की एनोलेज पार खालच्या टोकाला आहे, नववी स्टेप. वर हेक्सोकायनेज मोकळंच, ते आपलं ग्लुकोजवर फॉस्फेट ठेवतच राहतं, जोपर्यंत त्याला लागणारा एटीपी संपत नाही. म्हणून फ्लोराइड घातलं तरी पहिला तास-दोन तास शुगर खाली येतच असते, नंतर थांबते. त्यामुळे सॅम्पल फ्लोराइडमध्ये आहे म्हणून टेबलावर निवांत ठेवू नये, लवकर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लाझ्मा वेगळा करावा. कुठलं एन्झाइम कितव्या स्टेपला आहे ते नुसतं व्हायव्हापुरतं नसतं.

दुसरं, एसजीपीटी आणि एसजीओटी, लिव्हरच्या टेस्टमधली दोन एन्झाइम. घरोघरी रिपोर्टवर असतं, उलगडून कुणी वाचत नाही. एसजीपीटी म्हणजे सीरम ग्लुटामेट पायरुव्हेट ट्रान्सॲमिनेज. ग्लुटामेटचा अमिनो ग्रुप काढून पायरुव्हेटला दिला, पायरुव्हेटचं झालं ॲलॅनिन आणि ग्लुटामेटचं अल्फा-कीटोग्लुटारेट. म्हणून नवीन नाव ॲलॅनिन ट्रान्सॲमिनेज, एएलटी. एसजीओटीत पायरुव्हेटच्या जागी ऑक्झॅलोॲसिटेट घाल, ॲस्पार्टेट मिळतं, नवीन नाव एएसटी. तीन जोड्या आहेत फक्त: पायरुव्हेट-ॲलॅनिन, ऑक्झॅलोॲसिटेट-ॲस्पार्टेट, कीटोग्लुटारेट-ग्लुटामेट. जिथे कीटोनचा ओ आहे तिथे एनएच२ ठेव, कार्बन तितकेच. अमिनो ॲसिडचा चॅप्टर येईल तेव्हा हे फुकटात मिळेल.

---

फार्मसीवाली_पोर

हे स्ट्रिपवालं भारी होतं. आईची आयर्नची गोळी आत्ता उलटी करून बघितली, फेरस फ्युमरेटच आहे.

अजून विचारते, रागावू नका. एक, कायनेज फॉस्फेट लावतं म्हणता, मग पायरुव्हेट कायनेज तर फॉस्फोएनॉलपायरुव्हेटचा फॉस्फेट काढतंय, पायरुव्हेटला लावत नाहीये. दोन, सिट्रेटचं आयसोसिट्रेट कशाला? तेच अणू, तेवढेच कार्बन, नुसतं इकडचं तिकडे, मला ती स्टेप उगाच घातल्यासारखी वाटते. तीन, पायरुव्हिक ॲसिड लिहायचं का पायरुव्हेट?

---

खडू_आणि_फळा

जेवण झालं. तिसरं आधी, ते एका ओळीचं आहे. पेशीतला पीएच ७ च्या आसपास, पायरुव्हिक ॲसिडचा पीकेए (ज्या पीएचला आम्लाचे निम्मे रेणू हायड्रोजन सोडतात तो) २.५ च्या जवळ, म्हणजे पेशीत ते हायड्रोजन सोडून आयनच झालेलं असतं. आम्ल म्हटलं की इक ॲसिड, आयन म्हटलं की एट. दोन्ही लिहिलं तरी मार्क मिळतात, एट जास्त बरोबर.

एकचं उत्तर. कायनेज नाव बघितलं की एवढंच धरायचं की फॉस्फेटच्या देवाणघेवाणीत एटीपी-एडीपीची जोडी आहे. कुठल्या दिशेने, ते नाव सांगेलच असं नाही. फॉस्फोग्लिसरेट कायनेज आणि पायरुव्हेट कायनेज दोन्हींची नावं उलट्या दिशेच्या रिॲक्शनवरून पडलीत, म्हणजे एटीपी वापरून पायरुव्हेटवर फॉस्फेट ठेवणारं असं समजून. त्यातलं पहिलं पेशीत खरंच दोन्हीकडे चालतं, पण पायरुव्हेट कायनेज पेशीत उलटं चालतच नाही! पायरुव्हेटकडून मागे यायचं असेल तर लिव्हरला ऑक्झॅलोॲसिटेटवरून दोन एन्झाइमांचा वळसा घालावा लागतो, पायरुव्हेट कार्बॉक्सिलेज आणि मग पेप कार्बॉक्सीकायनेज (पेप म्हणजे फॉस्फोएनॉलपायरुव्हेट) म्हणतात ते. नाव उलटं आणि रिॲक्शन सरळ, रडायचं नाही. सक्सिनिल-कोए सिंथेटेजचंही तसंच, नावात सक्सिनिल-कोए बनवणं आणि सायकलमध्ये काम ते फोडून सक्सिनेट करणं.

फॉस्फेटेज पाण्याने फॉस्फेट तोडून टाकतं, एटीपी परत मिळत नाही. ग्लुकोज-६-फॉस्फेटेज लिव्हरमध्ये आहे, स्नायूत नाही, म्हणून स्नायू आपल्या ग्लायकोजनमधून रक्तात ग्लुकोज सोडू शकत नाही. फॉस्फोरिलेज पाण्याऐवजी मोकळं फॉस्फेट वापरून साखळी तोडतं, ग्लायकोजनमधून एकेक ग्लुकोज सुटतो तो पहिल्या कार्बनवर फॉस्फेट घेऊनच, ग्लुकोज-१-फॉस्फेट. मग म्युटेज त्याला एकवरून सहावर नेतं. म्युटेज म्हणजे ग्रुप त्याच रेणूत जागा बदलतो.

आता सिट्रेट. तुला उगाच वाटतेय ती स्टेप मला सगळ्या सायकलमधली सगळ्यात हुशार वाटते. सिट्रेट काढ. मधल्या कार्बनवर ओएच आहे, एक आम्लाचा ग्रुप आहे आणि दोन बाजूंना दोन सीएच२. चार हात भरले, त्या कार्बनवर हायड्रोजन एकही नाही. ओएचचं कीटोन करायचं तर ओच्या हायड्रोजनबरोबर कार्बनवरचाही एक हायड्रोजन काढावा लागतो, आणि इथे काढायला नाहीच. टर्शियरी अल्कोहोल सहज ऑक्सिडाइज होत नाही हे बारावीत शिकलीस ना, तेच हे. मग अकॉनिटेज काय करतं, आधी पाणी काढतं आणि परत घालतं, पण ओएच शेजारच्या कार्बनवर. त्या कार्बनवर हायड्रोजन आहे. आता डिहायड्रोजनेजला काम करता येतं, कीटोन होतो, शेजारचा आम्लाचा ग्रुप कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो आणि उरतात पाच कार्बन, अल्फा-कीटोग्लुटारेट. @रट्टा_झिंदाबाद भाऊ, तुमच्या सासूच्या वाक्यात "आज" का आहे ते हे असं.

कार्बन मोजत जा म्हणजे झालं. ऑक्झॅलोॲसिटेट ४, त्यात ॲसिटिलचे २, सिट्रेट ६, आयसो ६, कीटोग्लुटारेट ५, सक्सिनिल ४, तिथून पुढे चारच. पायरुव्हेट डिहायड्रोजनेज आणि कीटोग्लुटारेट डिहायड्रोजनेज ही दोन कॉम्प्लेक्स जवळपास सारखीच आहेत, तीच पाच को-फॅक्टर (एन्झाइमला मदत करणारे रेणू), थायमिनवालं टीपीपी, लिपोएट, कोए म्हणजे कोएन्झाइम ए, आणि इलेक्ट्रॉन वाहून नेणारे एफएडी, एनएडी. एक केलंस की दुसरं झालं.

---

रट्टा_झिंदाबाद

"आज" मान्य. पण मग एवढं सांगा की एनएडी कुठे आणि एफएडी कुठे हे तर पाठच करावं लागतं ना? आणि एका ग्लुकोजचे एटीपी ३८ का ३२, दर पुस्तकात वेगळं.

---

लिपिडवाली

मधेच येते, पीएचडी याच भागात चालू आहे म्हणून हात शिवशिवले.

एनएडी-एफएडी पाठ करू नका. कार्बन-कार्बन सिंगल बॉंडचा डबल बॉंड करायचा असेल तर एफएडी, कारण त्या रिॲक्शनमध्ये एनएडी भरायला पुरेशी एनर्जी निघत नाही. ओएचचं कीटोन किंवा अल्डिहाइडचं आम्ल करायचं असेल तर एनएडी. क्रेब्समध्ये सी-सी डबल बॉंड एकदाच होतो, सक्सिनेटचं फ्युमरेट, म्हणून एफएडी तिथेच. बाकी सगळे एनएडी. (पायरुव्हेट आणि कीटोग्लुटारेटच्या कॉम्प्लेक्समध्ये एफएडी आत असतं पण ते शेवटी एनएडीलाच देतं.)

एटीपीचं: जुना हिशोब एका एनएडीएचला (इलेक्ट्रॉन भरलेलं एनएडी) ३ आणि एफएडीएच२ ला (भरलेलं एफएडी) २, त्यातून ३६ किंवा ३८ यायचे. आताचा हिशोब २.५ आणि १.५, त्यातून ३० किंवा ३२. दोन आकडे का, तर ग्लायकोलिसिसमधल्या एनएडीएचचे इलेक्ट्रॉन मायटोकॉन्ड्रियात कुठल्या शटलने गेले त्यावर ठरतं. तुमच्या युनिव्हर्सिटीचं पुस्तक जे म्हणतं ते लिहा आणि कंसात कुठला हिशोब धरला ते टाका.

आणि प्रश्न विचारणारीला, सक्सिनेट, फ्युमरेट, मॅलेट, ऑक्झॅलोॲसिटेट ही ओळ नीट बघ: डबल बॉंड कर, पाणी घाल, ओएचचं कीटोन कर. एफएडी, पाणी, एनएडी. हीच तीन पावलं तुला पुढच्या युनिटमध्ये बीटा ऑक्सिडेशनमध्ये जशीच्या तशी भेटणार आहेत, फक्त तिथे एका टोकाला कोए असतो आणि नावं वेगळी दिसतात. ॲसिल-कोए, इनॉइल-कोए, हायड्रॉक्सीॲसिल-कोए, कीटोॲसिल-कोए. ईन म्हणजे डबल बॉंड, हायड्रॉक्सी म्हणजे पाणी घातलं, कीटो म्हणजे कीटोन झाला.

---

फार्मसीवाली_पोर

थांबा मी करून बघते. चार कार्बनचं ब्युटिरिल-कोए घेतलं. डबल बॉंड केला, एफएडी गेलं, क्रोटोनिल-कोए (हे नाव पुस्तकात बघितलं). पाणी घातलं, ३-हायड्रॉक्सीब्युटिरिल-कोए. एनएडीने कीटोन केला, ॲसिटोॲसिटिल-कोए. मग मधून तोडलं की दोन ॲसिटिल-कोए. बरोबर? आणि हे हायड्रॉक्सीब्युटिरिल म्हणजे ते डायबेटिसमध्ये कीटोन बॉडी म्हणून येतं तेच का?

---

लिपिडवाली

चारही बरोबर. तोडताना पाणी नसतं, दुसरा कोए येऊन तोडतो, म्हणून थायोलेज, आणि म्हणूनच दोन्ही तुकड्यांवर कोए मिळतो.

कीटोन बॉडीवालं ते नाही. एक तर तिथे कोए नसतो, नुसतं बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट असतं. दुसरं म्हणजे बीटा ऑक्सिडेशनमधलं एल आणि कीटोन बॉडी डी, आरशातल्या प्रतिमा. लिव्हर ती ॲसिटोॲसिटेटपासून वेगळ्या डिहायड्रोजनेजने बनवतं, त्यामुळे नाव वाचताना पुढचं एल-डी आणि मागचा कोए दोन्ही बघायचं. आणि "कीटोन बॉडी" म्हणतात खरं पण हायड्रॉक्सीब्युटिरेटमध्ये कीटोन नसतोच, ओएच असतो. लघवीच्या स्ट्रिपवर म्हणूनच ते दिसत नाही, ती पट्टी ॲसिटोॲसिटेटला रंग देते. लॅबवाले भाऊ सांगतील.

---

लॅबवाला_नगर

हो, पट्टीवर नायट्रोप्रुसाइड असतं, जांभळा रंग येतो तो ॲसिटोॲसिटेटचा. कीटोॲसिडोसिसच्या पेशंटमध्ये हायड्रॉक्सीब्युटिरेटच जास्त असतं, त्यामुळे पट्टी कमी दाखवते. उपचार सुरू झाले की त्याचं परत ॲसिटोॲसिटेट होतं आणि पट्टी उलट गडद होते, नातेवाईक घाबरतात की वाढलं. हायड्रॉक्सीब्युटिरेट बघायचंच असेल तर रक्तातून वेगळी टेस्ट आहे.